चाळीत शेरलॉकला काम काय?

शेरलॉक होम्सची 'द कॉपर बीचेस' ही १८९२ सालची कथा. कथानक विसरलात तरी चालेल, पण तिच्यातला आगगाडीतला एक संवाद विसरू नका. होम्स आणि वॉटसन लंडनहून विंचेस्टरकडे निघालेत. खिडकीबाहेर हिरवी शेतं आहेत, झाडांमधून डोकावणारी लाल-करडी छपरं आहेत. वॉटसन खूश. होम्सला मात्र ही विखुरलेली घरं बघून धडकी भरते. त्याचं म्हणणं असं की, शहरातल्या घाणेरड्यातल्या घाणेरड्या गल्लीतही एखादं मूल किंचाळलं किंवा दारुड्याचा हात उठला तर शेजारच्यांना ऐकू जातं, चार माणसं जमतात, बोभाटा होतो. या सुंदर, एकट्या घरांमध्ये मात्र वर्षानुवर्षं काहीही चालू राहील आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

हा उतारा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी गिरगाव येतं. लांबलचक सामायिक गॅलरी. दारं सकाळी उघडतात ती रात्री निजताना बंद होतात. नळ सामायिक, संडास सामायिक, भांडणंही सामायिक. कुणाकडे पाहुणे आले, ते किती दिवस राहिले, जाताना यजमानीणबाई जिन्यापर्यंत सोडायला गेल्या की दारातूनच 'या हं' म्हणाल्या, सगळं नोंदलं जातं. होम्सचं म्हणणं खरं मानलं तर चाळ ही जगातली सर्वांत सुरक्षित जागा ठरते. आणि डिटेक्टिव्हच्या धंद्यासाठी सर्वांत वाईट. जिथे पंचवीस बिऱ्हाडांतल्या प्रत्येकीला माहीत आहे की काल रात्री तिसऱ्या खोलीत कोण आलं होतं, तिथे भिंग घेऊन वाकणाऱ्या माणसाला काम काय?

मराठी रहस्यकथेपुढचा हा मूळ पेच आहे असं मला वाटतं. तिचे वाचक चाळीत राहत होते. ती स्वतः मात्र चाळीत राहायला तयार नव्हती.

बाबूराव अर्नाळकरांपासूनच बोलायला हवं, कारण त्यांना टाळून या विषयावर बोलणारा माणूस एक तर विद्यापीठातला असतो किंवा लबाड. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, मृत्यू १९९६. पुस्तकांची संख्या हजाराच्या वर. हा आकडा ऐकला की साहित्यिक मंडळी हसतात, जणू एवढं लिहिणं हाच गुन्ह्याचा पुरावा. पातळ, स्वस्त पुस्तकं, भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून फिरून फिरून पानं तेलकट झालेली. गिरगावात, दादरला, परळ-लालबागच्या गिरण्यांच्या टापूत या पुस्तकांनी जितकी माणसं वाचायला बसवली तितकी कुठल्याही साक्षरता मोहिमेने बसवली नसतील, असं म्हणायचा मोह होतो. मोजमाप कुणी केलेलं नाही, म्हणून मोहावरच थांबतो.

अर्नाळकरांचे नायक ठरलेले. धनंजय हा डिटेक्टिव्ह आणि छोटू हा त्याचा साथीदार, म्हणजे बेकर स्ट्रीटवरच्या जोडीचे चुलत भाऊ. काळापहाड, काळ्या वेशातला, श्रीमंतांना लुटणारा आणि गरिबांचा कैवारी. झुंजार, गुन्हेगारांना आणि पोलिसांना एकाच वेळी चकवणारा, सोबत विजया. यातला उधारीचा भाग आता गुपित राहिलेला नाही. झुंजारचा साचा बर्कली ग्रे या इंग्रज लेखकाच्या नॉर्मन कॉन्क्वेस्टचा, आणि काळापहाडच्या मागे ब्रूस ग्रॅमचा ब्लॅकशर्ट उभा आहे. लंडनचं धुकं मलबार हिलवर आणून सोडायचं, मोटारीला मुंबईचे रस्ते द्यायचे, आणि कथा सुरू.

या उधारीचा मला तितकासा राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. होम्सच्या ५६ लघुकथा घ्या. त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या नावात 'शोध' नाही, 'साहसं' आहे. तरी प्रत्येक कथेत एक तरी क्षण असा येतो की वाचकाच्या समोरच पडलेली वस्तू होम्स उचलतो आणि आपण कपाळावर हात मारतो. टोपी, हंस, प्लॅस्टरचा नेपोलियन. अर्नाळकरांकडे हा क्षण फार क्वचित. तिथे माग काढण्यापेक्षा पाठलाग जास्त, तर्कापेक्षा योगायोग जास्त. नायकाला कळतं, कारण तो नायक आहे. हे कच्चेपण आहे आणि ते कच्चेपण म्हणूनच सांगितलं पाहिजे. 'लोकप्रिय साहित्याचे निकष वेगळे' वगैरे म्हणत हल्ली जी भलामण चालते, तिने अर्नाळकरांचं काही भलं होत नाही.

पण एक गोष्ट माझ्या बरीच उशिरा लक्षात आली आणि मग ती काही केल्या डोक्यातून जाईना. धनंजय. छोटू. झुंजार. विजया. काळापहाड. यांची आडनावं काय?

नाहीत. निदान वाचकाच्या ओठांवर राहिलेली तरी नाहीत.

आता होम्सकडे पुन्हा जाऊ. 'द रेड-हेडेड लीग'मध्ये जाबेझ विल्सन नावाचा सावकार येतो आणि होम्स त्याच्याकडे एक नजर टाकून सांगतो की हा माणूस कधीकाळी अंगमेहनतीचं काम करायचा, चीनला जाऊन आलाय आणि अलीकडे खूप लिहितोय. उजवा हात डाव्यापेक्षा मोठा, मनगटावर माशाचं गोंदण, बाहीचा कफ चकचकीत झालेला. विल्सन थक्क होतो, मग हसतो. त्यात त्याचं काहीच जात नाही. माणूस 'वाचला जाणं' हा त्या कथांमध्ये एक खेळ आहे, जवळजवळ कौतुकाचा.

आपल्याकडे हा खेळ रोज चालतो, फक्त त्याला कुणी खेळ म्हणत नाही. 'नाव काय?' 'पूर्ण नाव?' 'मूळचे कुठले?' 'म्हणजे आमच्या अमक्या-तमक्यांच्या गावचेच की!' नव्या भाडेकरूच्या दारात उभं राहून, हातात वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने, चाळीतली कुठलीही काकू तीन प्रश्नांत जे काढते ते काढायला होम्सला तीन पानं लागतात. आणि तिच्या निष्कर्षाला परिणाम असतात. खोली मिळते किंवा मिळत नाही. पाण्याच्या रांगेत तुमची कळशी पुढे सरकते किंवा सरकत नाही.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा, त्याच नावाच्या १९६३च्या संग्रहातली, आपण दलित साहित्याच्या कप्प्यात ठेवतो आणि ते बरोबरच आहे. पण ती एकदा रहस्यकथा म्हणून वाचून बघा. रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी गेलेला एक तरुण आपली ओळख लपवून राहतो. भोवतालचे सगळे नकळत तपास अधिकारी झालेले. प्रत्येक संभाषण ही उलटतपासणी, प्रत्येक आपुलकीचा प्रश्न हा सापळा. वाचक श्वास रोखून बसतो, पण गुन्हेगार सापडावा म्हणून नव्हे, सापडू नये म्हणून. आणि ज्याला 'चोरी' म्हटलंय तो गुन्हाच नाही. शेवटी उलगडा होतो तेव्हा मार खायला लागतो तो निरपराध माणसाला. डिटेक्टिव्ह कथेची सगळी यंत्रं इथे उलटी फिरतात आणि अधिक ताकदीने फिरतात. मराठीत ताण निर्माण करणाऱ्या कथांची यादी मला कुणी करायला सांगितली तर ती अर्नाळकरांपासून नाही, इथून सुरू होईल.

आणि मग झुंजारचं आडनाव नसणं वेगळं दिसायला लागतं. आठ तास साच्यावर उभं राहून आलेला माणूस, ज्याला दिवसभर कुणी गावावरून, कुणी जातीवरून, कुणी जॉबरच्या वशिल्यावरून ओळखलंय, तो रात्री खोलीबाहेरच्या गॅलरीत दिव्याखाली बसून अशा माणसाची गोष्ट वाचतो ज्याला फक्त पराक्रमावरून ओळखतात. अर्नाळकरांनी हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. स्वतः त्यांनीही चव्हाण बाजूला ठेवून दुसरं नाव घेतलं, पण टोपणनाव घेण्याची कारणं शंभर असतात. हेतू काही का असेना, परिणाम तर झालाच. ज्या शहरात आडनाव हा पहिला पुरावा धरला जातो, तिथे त्यांनी पुराव्याविना नायक उभे केले.

पुढे सत्तरच्या दशकात सुहास शिरवळकर आले, पुण्याचे. त्यांचे फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आडनावासकट येतात. त्याआधीच भा. रा. भागवतांचा बनेश फेणे सायकलवरून निघालेला होता, तोही फुरसुंगीचा पत्ता सांगत. या मंडळींबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण ती पुण्याची गोष्ट आहे आणि मला मुंबई सोडवत नाही.

मुंबईच्या वाट्याला आलेला सर्वांत प्रसिद्ध मराठी आडनावाचा डिटेक्टिव्ह कुणी निर्माण केला माहितीये? एच. आर. एफ. कीटिंग नावाच्या इंग्रजाने. इन्स्पेक्टर गणेश घोटे, मुंबई सीआयडी. पहिली कादंबरी १९६४ साली आली, आणि कीटिंग भारतात पहिल्यांदा आले ते त्यानंतर साधारण दहा वर्षांनी. म्हणजे बघा: गिरगाव-दादरच्या वाचकांना ओळखणारे अर्नाळकर लंडनच्या कथा लिहीत होते, आणि लंडनच्या बाजूला बसलेला कीटिंग मुंबईच्या. दोघांनाही डोळ्यांसमोरचं शहर बहुधा अडचणीचं वाटलं असावं.

बंगालला ही अडचण आली नाही का? शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी १९३२ साली अवतरला. ('मी बासू चटर्जींच्या मालिकेतला रजित कपूर बघितलाय' म्हणणाऱ्यांनी मूळ कथा वाचाव्यात, मराठी-हिंदी-इंग्रजी कशातही.) 'सत्यान्वेषी' या कथेत तो कलकत्त्याच्या एका मेसमध्ये खोटं नाव घेऊन राहायला येतो. मेस म्हणजे नोकरदार पुरुषांची खाणावळ-कम-बिऱ्हाड. आपल्या परळ-लालबागला गावकऱ्यांच्या खोल्या असायच्या, एका गावचे तीस-चाळीस पुरुष पाळीपाळीने झोपणारे, जेवण खाणावळवालीकडे. दिसायला दोन्ही सारखं. पण कलकत्त्याच्या मेसमध्ये माणसं एकमेकांना अनोळखी होती. आपल्या खोलीत सगळे एका गावचे, एका भावकीचे. तिथे खोटं नाव घेऊन राहणं शक्यच नाही. वरून पाळीपाळीने झोपायचं म्हणजे अंथरूण कधी गार होत नाही. प्रेत लपवायचं कुठे?

'पथेर काँटा'मध्ये शरदिंदुंनी ग्रामोफोनची पिन आणि सायकलची घंटी यांतून खुनाचं हत्यार बनवलं. (स्पॉइलर झाला, पण नव्वद वर्षांनंतर तेवढी सूट हवी.) गर्दीच्या रस्त्यावर घंटी वाजते, माणूस कोसळतो, कुणाला काही कळत नाही. शहराच्या रोजच्या आवाजातच मरण लपलेलं. याला म्हणतात शहर वाचणं. दुःख याचं की हा माणूस पुढे १९३८च्या सुमारास मुंबईतच आला, बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला, आणि इथे असताना ब्योमकेश जवळपास गप्पच राहिला. नंतर शरदिंदु पुण्याला स्थायिक झाले आणि तिथून पुन्हा कलकत्त्याच्या कथा लिहू लागले. मुंबईने त्यांना सिनेमा दिला. खून नाही दिला.

मुंबईत रहस्यं नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. १२ जानेवारी १९२५ची संध्याकाळ. मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारीने अडवली. हल्लेखोरांना हवी होती गाडीतली मुमताज बेगम, इंदूरच्या दरबारातून निसटलेली नर्तकी. गोळ्या सुटल्या, बावला मेला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोचले आणि त्यांतल्या एकाने चक्क गोल्फच्या काठीने हल्लेखोरांवर धाव घेतली. अर्नाळकरांनी हा प्रसंग लिहिला असता तर आपण म्हणालो असतो, 'काय हा योगायोग!' खटला गाजला. एका आरोपीच्या बाजूने जिना उभे राहिले. त्याच वर्षी या प्रकरणावर मूकपटही निघाला.

आता यात डिटेक्टिव्हला काम शोधा. मारेकरी जागेवर पकडलेला. कोणी केलं हा प्रश्नच उरला नाही. उरला तो प्रश्न असा की माणसं पाठवली कुणी, आणि त्याचं उत्तरही नाक्यानाक्यावर माहीत होतं. फक्त ते कोर्टात कुणी म्हणू शकत नव्हतं. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांपुढे चौकशी आयोग किंवा पदत्याग असा पर्याय ठेवला गेला. १९२६ साली ते गादीवरून उतरले. दोष सिद्ध झाला नाही, कारण तपासलाच गेला नाही. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून बोट दाखवणारा होम्स या गोष्टीत बसतच नाही.

माझ्या मते मुंबईच्या रहस्यकथेचा खरा साचा हा आहे. 'कोणी केलं' हे आपल्याकडे रहस्य नसतं. 'सगळ्यांना माहीत असून बोलणार कोण' हे असतं. चाळीत गुपितं राहत नाहीत असं आपण समजतो ते अर्धंच खरं आहे. चाळीत गुपितं एकेकट्याची राहत नाहीत, सगळ्यांची मिळून राहतात. तिसऱ्या खोलीतली सून स्टोव्ह भडकून गेली, हे वाक्य पंचवीस बिऱ्हाडं एकाच शब्दांत सांगतात तेव्हा होम्सचा आगगाडीतला सिद्धान्त कोसळतो. किंकाळी ऐकू गेलेली असते. सगळ्यांना. आणि तरीही. अशा जागी जो तपास करायला येईल त्याला भिंग नको, राख ओळखण्याचं ज्ञान नको. त्याला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून तिसरा कप चहा प्यायची चिकाटी हवी. असा डिटेक्टिव्ह बहुधा बाई असेल. एखादी खाणावळवाली सगळ्यांत उत्तम: तिला कोण कधी जेवला नाही हे माहीत असतं.

ही कथा कुणी लिहिली का? जयंत पवार तिच्या सर्वांत जवळ पोचले असं मला वाटतं. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या त्यांच्या संग्रहात एका कथेचं नावच 'तर्काच्या खुंटीवरून निसटलेलं रहस्य' आहे. त्या नावात माझा हा अर्धा लेख येऊन जातो. त्यांचं 'अधांतर' नाटक संपानंतरच्या गिरणगावातल्या एका घरात घडतं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि पुढे एकेक करत गिरण्या मेल्या. मारलं कुणी? कुणी मालकांकडे बोट दाखवतं, कुणी पुढाऱ्यांकडे, कुणी सरकारकडे, कुणी जमिनीच्या भावाकडे. अगाथा ख्रिस्तीने 'ओरिएंट एक्सप्रेस' १९३४मध्ये लिहिली. एक प्रेत, बारा जखमा, आणि संशयितांपैकी कोण हा प्रश्नच चुकीचा. गिरणगावाला ती कादंबरी कुणी समजावून सांगायची गरज नाही.

होम्सच्या कथांपैकी एक मात्र मी आजही सरळ उचलून लालबागला आणेन. 'द मॅन विथ द ट्विस्टेड लिप'. नेव्हिल सेंट क्लेअर रोज सकाळी घरातून निघतो, गाडी पकडून लंडनला जातो, संध्याकाळी परततो. बायकोला वाटतं नवऱ्याचा काहीतरी व्यवसाय आहे. प्रत्यक्षात तो चेहरा रंगवून भीक मागतो, आणि ती नोकरीपेक्षा जास्त मिळते. होम्स ओल्या स्पंजने त्याचा चेहरा पुसतो आणि भिकाऱ्याखालून सभ्य गृहस्थ निघतो. गुन्हा काहीच झालेला नाही. फक्त मुलांना कळू नये एवढीच त्या माणसाची विनवणी. आता १९८३ सालचा एक साचेवाला घ्या, भोंगा वाजायचा बंद झालाय, पण तो अजून पहिल्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन जिना उतरतोय. कुठे जातो? गॅलरीतल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. त्याच्या बायकोलाही. डबा भरताना ती पोळी एक जास्तच घालते. स्पंज प्रत्येकाच्या हातात आहे आणि कुणीही तो ओला करत नाही. डॉयलच्या कथेत चेहरा पुसणं हा उलगडा होता. इथे न पुसणं ही कथा होईल, आणि ती डॉयलपेक्षा अवघड आहे.

ती लिहायला फार वेळ उरलेला नाही, हेही आहे. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींमधल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांचे फ्लॅट उभे राहतायत, आणि तिथे राहायला जाणाऱ्यांना त्याचा आनंद आहे, असायलाच हवा. घरात स्वतःचा संडास असण्यावर नॉस्टॅल्जिया लिहिणाऱ्यांनी आधी शंभर वर्षं रांगेत उभं राहून दाखवावं. पण रहस्यकथेच्या दृष्टीने बघितलं तर मुंबईच्या या पट्ट्यात पहिल्यांदाच सगळं साहित्य जमा होतंय: लॅचचं दार, दारातलं भिंग, लिफ्टमध्ये नजर चुकवणारे शेजारी, वॉचमनची वही, सीसीटीव्ही. विसाव्या मजल्यावरच्या बंद दारामागे कुणी किंचाळलं तर ऐकू जाईलच असं नाही. होम्स ज्या एकट्या घरांना घाबरत होता ती आता एकावर एक रचलेली आहेत, परळ स्टेशनवरून दिसतात.